करवतीचा आवाज आम्ही वापरला नाही

ध्वनिसंकलन करणाऱ्याकडे सगळे आवाज साठवलेले असतात. दार करकरतं तो, पत्र्यावर पाऊस पडतो तो, ओल्या रेतीवरची पावलं, दूरचं कुत्रं, करवत. मराठी मालिकांच्या आणि डबिंगच्या स्टुडिओंत बरीच वर्षं काढल्यामुळे माझ्या हार्ड डिस्कवर यातल्या प्रत्येकाचं वेगळं फोल्डर आहे. अश्विनी बिद्रे प्रकरणावर पॉडकास्ट करायचं ठरलं, तेव्हा आमचं पहिलं भांडण करवतीच्या फोल्डरवरूनच झालं.

आम्ही तिघं होतो. मी, आमच्या आळीतले एक काका, ज्यांनी स्थानिक साप्ताहिकात आयुष्यभर बातमीदारी केली, आणि त्यांची पुतणी, जी तेव्हा वकिलीच्या परीक्षा देत होती. तिघंही डोंगरीचे. मुंबईत डोंगरी म्हटलं की लोकांना उमरखाडीची डोंगरी आठवते, म्हणून आम्हाला दर वेळी ‘उत्तनच्या वाटेवरची, भाईंदरची’ असं सांगावं लागतं. भाईंदर स्टेशनातून पश्चिमेला बस धरली की मुर्धे, राई, मोर्वा मागे टाकत आपण डोंगराच्या पायथ्याशी येतो. एका बाजूला बेथलेहेम माऊलीचं चर्च, पुढे उत्तन-पाली-चौकचा कोळीवाडा आणि उत्तरेला वसईची खाडी. कोरोनाच्या काळात स्टुडिओ बंद होते, साप्ताहिकही छापलं जात नव्हतं, आणि रिकामपणात माणूस काहीतरी काढतोच. आम्ही हे काढलं.

विषय शोधावा लागला नाही. आमच्याकडे या प्रकरणाबद्दल ऐकलं नाही असं माणूस सापडायचं नाही. अश्विनी बिद्रे-गोरे, सहायक पोलीस निरीक्षक, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आळते गावच्या. नेमणूक नवी मुंबईत, राहायला कळंबोलीत. ११ एप्रिल २०१६ नंतर त्या कुणालाच दिसल्या नाहीत. सांगलीत असताना ज्याच्याशी ओळख झाली तो अभय कुरुंदकर, ठाणे ग्रामीण पोलीस दलातला वरिष्ठ निरीक्षक, त्याचा फ्लॅट आमच्या भाईंदरात होता. त्या तिथे गेल्या आणि परतल्या नाहीत, असं तपासात पुढे आलं. मृतदेहाचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकले, असं एका आरोपीने २०१८ मध्ये पोलिसांना सांगितलं. लाकूड कापायच्या यंत्राचा उल्लेख त्यातच आला आणि वर्तमानपत्रांनी मथळ्याला तोच धरला. तेव्हापासून आजतागायत खाडीतून त्यांचं काही मिळालेलं नाही.

काकांचं म्हणणं होतं, पहिला भाग यंत्राच्या आवाजाने सुरू करू. ऐकणारा जागचा हलणार नाही. त्यात तथ्य होतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणारा थांबला नाही तर थांबतच नाही, हे मालिकेवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. मी तो आवाज लावून पाहिलासुद्धा. त्यावर निवेदन बसवलं, खाली खाडीच्या पाण्याचा हलका थर दिला. झकास जमलं होतं. पुतणीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “त्यांना एक मुलगी आहे. ती हे ऐकेल तेव्हा?” काकांनी वाद घातला. प्रकरण जगजाहीर आहे, पेपरात सगळं छापून आलंय, आपण काही वेगळं सांगत नाही, वगैरे. वाद दोन-तीन दिवस चालला. शेवटी ठरलं की मृत्यू कसा झाला हे एका वाक्यात, साध्या आवाजात, कोर्टापुढे आलं तेवढंच सांगायचं आणि पुढे जायचं. पार्श्वसंगीत नाही.

हा नियम पुढे फार उपयोगी पडला. थरार काढून टाकला की बाकी काय उरतं, हे बघावं लागलं. उरल्या त्या तारखा.

अश्विनी यांच्या कुटुंबाने बेपत्ता असल्याची तक्रार दिली ती जुलै २०१६ मध्ये, कळंबोली पोलीस ठाण्यात. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला जानेवारी २०१७ च्या अखेरीस, तोही घरच्यांनी उच्च न्यायालयाचं दार ठोठावल्यावर. त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या यादीत, कुरुंदकरला राष्ट्रपतींचं पोलीस पदक जाहीर झालं होतं. त्याला अटक झाली ७ डिसेंबर २०१७ रोजी. म्हणजे बाई दिसेनाशा झाल्यापासून वीस महिन्यांनी. आणि ही बाई पोलीस अधिकारी होती. तिला कायदा माहीत होता, तिच्या घरच्यांना वकील गाठता आला, पत्रकारांशी बोलता आलं. ज्यांना हे काहीच जमत नाही त्यांचं काय होत असेल, हा प्रश्न आमच्या पॉडकास्टचा खरा विषय झाला. तो झाला तेव्हा आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एका निवृत्त हवालदारांची मुलाखत घेतली होती. त्यांनी नोकरीची बरीच वर्षं मिसिंगच्या टेबलावर काढली होती. नाव न सांगण्याच्या अटीवर आले, आवाज बदलू नका म्हणाले, फक्त नाव नको. मला वाटलं होतं, खाकीतल्या गोष्टी ऐकायला मिळतील. त्यांनी उलट रजिस्टर कसं भरतात ते सांगायला घेतलं. ‘मनुष्य मिसिंग’ नंबर, तारीख, खबर देणाऱ्याचं नाव, मग वर्णन. वर्णन सांगताना त्यांचा आवाजच बदलला. रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, पायात चप्पल, भाषा मराठी-हिंदी. हे ते कुणा एकीचं वर्णन देत नव्हते. तोंडात बसलेला साचा होता तो. फोटो चिकटवायचा, बिनतारी संदेश पाठवायचा, आसपासच्या ठाण्यांतल्या बेवारस मृतदेहांच्या नोंदी पाहायच्या, इस्पितळांत विचारायचं. “आणि नंतर?” मी विचारलं. “नंतर माणूस परत येतो, साहेब... म्हणजे बाई. बहुतेक येतात. भांडून गेलेले असतात, कंटाळून गेलेले असतात. म्हणून आमचं डोकं तसंच चालायला लागतं. येईल परत.”

या वाक्यानंतर ते बराच वेळ गप्प होते. खिडकीबाहेर उत्तनच्या डम्पिंगकडे जाणारा कचऱ्याचा ट्रक गेला, तोही रेकॉर्ड झाला. स्टुडिओच्या सवयीप्रमाणे मी तो ट्रक काढून टाकला आणि शांतता थोडी आखडली. नंतर ऐकताना वाटलं, छे. वाक्यानंतरच्या त्या गप्प बसण्यातच त्यांचं उत्तर होतं. ट्रकसकट सगळं परत घातलं. आमच्या कामात खोलीचा रिकामा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवतात, कापलेल्या जागा बुजवायला. तो आवाज मुलाखतीत वापरायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. बोलणाऱ्याने जेवढा वेळ घेतला तेवढा ऐकणाऱ्यानेही द्यावा.

लहान मुलांच्या बाबतीत कायद्याने हा ‘येईल परत’ थांबवला आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की गुन्हा नोंदवायचाच, अपहरण धरूनच तपास करायचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत तसं नाही. मोठं माणूस आपल्या मर्जीने घर सोडू शकतं, आणि ते सोडू शकलंही पाहिजे. सासरच्या त्रासातून सुटलेल्या बाईला पोलिसांनी धरून परत आणू नये, असंच मलाही वाटतं. पण या मोकळीकीचा फायदा तिला गायब करणाऱ्यालाही मिळतो. अश्विनी यांच्या फोनवरून नंतरही संदेश जात राहिले होते. बाई कुठेतरी आहेत, आपल्या मर्जीने गेल्या आहेत, असं भासावं म्हणून. ‘येईल परत’ हे आपोआप मनात येतं, हे ज्याने ते संदेश पाठवले त्याला पुरतं माहीत असणार. तो स्वतः पोलीस होता.

उशिरामुळे प्रत्यक्षात काय जातं, हे पुतणीने एका भागात छान मांडलं. इमारतींच्या आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साधारण पंधरा दिवस ते महिनाभर राहतं, मग त्यावरच नवं चढतं. फोन कंपन्यांना कॉलच्या नोंदी तेव्हा वर्षभर ठेवणं बंधनकारक होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत दोन वर्षांची झाली. एप्रिल ते पुढची जानेवारी म्हणजे वर्षातले नऊ महिने. त्यानंतर पोलीस मागायला गेले तरी जे उरलं असेल तेच मिळणार. हे सांगताना ती चिडली नाही, आवाज चढवला नाही. कोष्टक वाचून दाखवावं तसं वाचलं. त्या भागाला जेवढे फोन आले तेवढे दुसऱ्या कुठल्याच भागाला आले नाहीत.

खाडीवरचा भाग करायला मात्र वेळ लागला. खाडी आमची. भाईंदरच्या पुलाखालून ओहोटीचं पाणी पाणजू बेटाला वळसा घालून आमच्या उत्तरेने चौकच्या टोकाशी समुद्राला मिळतं, समोर वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत याच टोकावरचा धारावीचा किल्ला घेतला, मग वसई पडली, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण या पाण्यात टाकलेलं दोन वर्षांनी काय राहतं, हे कुणाला विचारायचं? वैज्ञानिकांना गाठण्याआधी चौकच्या एका म्हाताऱ्या नाखवांकडे गेलो. बोंबील वाळत टाकलेल्या वलांडीखाली बसलो होतो. मी तारीख सांगितली. ते म्हणाले, “तारीख नको बाय, तिथी सांग.”

तिथी आमच्याकडे नव्हती. फोनवर जुनं पंचांग काढलं. २०१६ चा गुढीपाडवा ८ एप्रिलला, म्हणजे ११ तारखेला चैत्र शुद्ध पंचमी. त्यांनी मान हलवली. अमावास्येचं उधाण पंचमीपर्यंत उतरत येतं, पण जोर असतो. पुढे अष्टमीला भांग, पाणी मंद. मग पुन्हा पौर्णिमेला चढ. त्यांनी बोटाने वाळूत खाडी काढली, पूल काढला, बेट काढलं, आणि सांगितलं, पाणी कुठे ओढतं, कुठे फिरतं, डोल लावताना मेखा कुठे उपटतात. अर्धा तास नुसतं पाण्याबद्दलच. खुनाबद्दल एक शब्द नाही, आणि आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, “त्याचं आम्हाला विचारू नका. या पाण्यावर पोट आहे आमचं.”

पोलिसांनी २०१८ मध्ये खाडीत शोध घेतला होता, साधनंही आधुनिक होती. मधल्या काळात त्या पाण्यात तेराशेच्या वर भरत्या-ओहोट्या होऊन गेल्या होत्या. खाडीचा तळ चिखलाचा आणि रेतीचा, वर वर्षानुवर्षं रेती उपशाच्या होड्या. सापडलं नाही यात नवल नाही. सापडलं असतं तर नवल. नाखवांचं पाण्याबद्दलचं बोलणं आम्ही जवळजवळ अख्खंच ठेवलं. शेवटचं वाक्यही ठेवलं. काही ऐकणाऱ्यांनी लिहिलं की हा भाग कंटाळवाणा आहे, मुद्द्यावर या. मला तो आमचा सगळ्यात चांगला भाग वाटतो.

मृतदेह नाही म्हणून खटला उभा राहत नाही, हा समज फार पक्का आहे. आमच्या गावातल्या शिकल्या-सवरल्या लोकांनीही तेच सांगितलं, ‘बॉडीच नाही, सुटणार तो.’ सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रामा नंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात म्हटलं आहे की खून झाल्याचं इतर पुराव्यांनी सिद्ध होत असेल तर मृतदेह मिळालाच पाहिजे असं नाही. नाहीतर मृतदेह नाहीसा करण्याची कला अवगत असलेला प्रत्येक खुनी मोकळा सुटेल. पुतणीला हा निकाल तोंडपाठ आहे. आता ती खरी वकील झाली आहे, तरी अजून कुणी ‘बॉडी’ म्हटलं की ती १९८१ म्हणते.

मात्र खटला चालू होता आणि आम्ही बोलत होतो, हे विसरता येत नव्हतं. सुशांत सिंह राजपूत प्रकरणातल्या वाहिन्यांच्या धिंगाण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला होता. तपास चालू असताना आरोपीला दोषी ठरवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेत सुटणं, गुन्ह्याचं नाट्यरूपांतर करणं, याला आळा घालणारा. तो निकाल मी छापून घेऊन भिंतीला लावला होता. नाट्यरूपांतर म्हणजे माझंच क्षेत्र की! आम्ही ठरवलं की अश्विनी यांच्या कुटुंबाला गाठायचं नाही. ते माध्यमांशी बोलत होते, लढत होते, त्यात आणखी एक माइक कशाला. साक्षीदारांना तर अजिबातच नाही. आरोपींबद्दल बोलताना ‘आरोप आहे’ म्हणायचं. दर वेळी म्हणायचं. एडिट करताना कंटाळा यायचा, तरी तो शब्द कापायचा नाही.

आम्ही एवढे घाबरण्याचं एक कारण ऑस्ट्रेलियात घडलेलं होतं. तिथे ‘द टीचर्स पेट’ नावाचा पॉडकास्ट २०१८ मध्ये गाजला. हेडली थॉमस नावाच्या पत्रकाराने केलेला. सिडनीची लिनेट डॉसन जानेवारी १९८२ मध्ये नाहीशी झाली. नवऱ्याने पोलिसांत कळवलं ते काही आठवड्यांनी. ती सोडून गेली, असं त्याने सांगितलं आणि तेच बरीच वर्षं चालून गेलं. पॉडकास्ट जगभर ऐकला गेला, नवे लोक बोलायला पुढे आले आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये नवऱ्याला अटक झाली. पण मग खटल्यावर परिणाम नको म्हणून तोच पॉडकास्ट ऑस्ट्रेलियात काढून घ्यावा लागला, खटला ज्युरीशिवाय एकट्या न्यायाधीशासमोर चालवावा लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये क्रिस डॉसन दोषी ठरला. लिनेटचे अवशेष आजही मिळालेले नाहीत. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये कायदा झाला की मृतदेह कुठे आहे हे सांगायला मदत न करणाऱ्या खुन्याला पॅरोल नाही. लिनेटच्या नावाने तो ओळखला जातो. हे सगळं वाचल्यावर काका म्हणाले, “आपला पॉडकास्ट एवढा कोण ऐकतो?” ते खरं होतं. तरीही.

आम्ही काही शोधून काढलं नाही, हे सांगून टाकलेलं बरं. एकही नवा पुरावा, एकही नवा साक्षीदार आमच्यामुळे मिळाला नाही. ‘मी बाईंना हरिद्वारला पाहिलं’ असं सांगणारे मात्र मिळाले. कुणी जन्मवेळ मागितली, कुणी स्वप्नात आलेला पत्ता पाठवला. जाहिरातीबद्दल एका संस्थेशी बोलणं झालं, त्यांना ‘थोडा थरार वाढवा’ हवं होतं. नको म्हटलं. तिथून पुढे खर्च आमचाच. मी दिवसा डबिंगचं काम घ्यायचे, रात्री हे. आवाज नको म्हणून घरातली सगळ्यात आतली खोली, खिडकीवर गोधड्या, पंखा बंद. एप्रिलमध्ये तिथे बसून निवेदन वाचून बघा.

वळण दिलं ते पत्रांनी. हवालदारांच्या भागानंतर लोक आपापली माणसं सांगायला लागले. कोकणातल्या एका बाईचा भाऊ मुंबईला कामाला आला आणि परत आला नाही. त्या ज्या ठाण्यात गेल्या तिथे त्यांना ‘चोवीस तास थांबा’ सांगण्यात आलं. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तरी तो सगळ्यांना माहीत आहे, कारण सिनेमांत तसं म्हणतात आणि काही वेळा ठाण्यातही म्हणतात. त्या चोवीस तास थांबल्या, मग आणखी आठवडाभर थांबल्या. अजून थांबल्या आहेत. एका आजोबांनी दहिसरहून पत्रच पाठवलं, कागदावर, शाईत. पूर्वी मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं, त्यात त्यांच्या पत्नीचा फोटो दाखवला होता. तो दाखवला त्या रात्री ते रात्रभर जागे राहिले, कुणी दार वाजवेल म्हणून. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं की आम्ही फोटो दाखवतो का. पॉडकास्टमध्ये फोटो नसतो, हे त्यांना कसं सांगायचं ते आम्हाला कळेना. शेवटी पुतणीने त्यांना फोन केला. त्या तासाभराच्या बोलण्यातलं काहीच रेकॉर्ड केलं नाही.

अशा घरांची एक वेगळीच कायदेशीर अडचण असते. माणूस सात वर्षं कुणालाच दिसलं नाही, ऐकू आलं नाही, तर ते मेलं असं कायदा धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं १०८ वं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते १११ वं झालं. सात वर्षं विमा नाही, घर नावावर होत नाही, आणि बाई कपाळाचं काय करायचं ते ठरवू शकत नाही. सात वर्षांनंतरही ते आपोआप होत नाही, कोर्टात जावं लागतं. हा भाग आम्ही मूळ आराखड्यात धरलाच नव्हता. तो करून टाकल्यावर अश्विनी बिद्रे प्रकरण हे आमच्या पॉडकास्टचं फक्त पहिलं पर्व राहिलं.

निकाल ५ एप्रिल २०२५ ला आला. पनवेलच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश के. जी. पालदेवार यांनी कुरुंदकरला खुनासाठी दोषी धरलं. दोघा साथीदारांना पुरावा नष्ट केल्याबद्दल, एकाची निर्दोष मुक्तता. २१ एप्रिलला शिक्षा सुनावली. कुरुंदकरला जन्मठेप, साथीदारांना सात-सात वर्षं. मी त्या दिवशी गोरेगावला डबिंगवर होते. ब्रेकमध्ये फोन पाहिला. काकांनी मेसेज केला होता, ‘आता आरोप आहे म्हणू नकोस.’ आमच्या गावात तेव्हा मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरावरची झाडं जाणार यावरून वातावरण तापलेलं होतं, नाक्यावर सगळे तेच बोलत होते. तरी त्या संध्याकाळी दोन-तीन जणांनी थांबवून विचारलं, ‘लागला ना निकाल? मग बॉडी?’

या प्रश्नाला उत्तर नाही. खटल्यापुरतं प्रकरण सुटलं, तेही वरच्या न्यायालयात जाऊ शकतं. पण घरच्यांना हाती काहीच मिळालं नाही, हेही खरं. आम्ही निकालाचा भाग अगदी छोटा केला. तारखा पुन्हा एकदा वाचल्या. एप्रिल २०१६, जुलै २०१६, जानेवारी २०१७, डिसेंबर २०१७, एप्रिल २०२५. कुणाचा आवाज घातला नाही, संगीत नाही. नऊ वर्षं. यावर काकांची प्रतिक्रिया अशी की भाग फार लवकर संपला. मला वाटतं, संपला तिथे संपला.

खऱ्या गुन्ह्यांवर पॉडकास्ट करायला निघालेले तरुण आता कधीकधी फोन करतात. कुठला माइक घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर, म्युझिक कुठून. ते सांगते. मग विचारते, ज्या माणसाची गोष्ट सांगताय त्याच्या घरातलं कुणी जिवंत आहे का? असेल तर पहिला भाग लिहिताना ते समोर बसलं आहे असं धरा. बाकी काही शिकवण्यासारखं माझ्याकडे नाही.

वाचणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. घरातलं माणूस वेळेवर आलं नाही, फोन लागत नाही आणि मनात शंका आली, तर थांबू नका. चोवीस तास वगैरे काही नसतं. त्याच रात्री जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हद्द आपली नसली तरी जा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, फोन नंबर, शेवटचं कुणाशी बोलणं झालं ते लिहून न्या. मिसिंगचा नंबर मागा आणि नोंदीची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मूल असेल तर १०९८ किंवा ११२ लावा, आणि गुन्हा दाखल करा असं स्पष्ट म्हणा. काही घातपाताची शंका असेल तर ती तोंडी सांगू नका, अर्जात लिहा, माणसाच्या नावासकट, तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी. आणि अर्जावर पोच घ्या, तारीख आणि वेळ घालून.